पालीने काही केलं नसताना पालीची भीती बसते कशी, आणि उतरवायची कशी

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वय २९, लहानपणापासून पालीची भीती. संध्याकाळी स्वयंपाकघरात शिरायचं तर आधी नवऱ्याने आत जाऊन दिवा लावायचा, भिंती बघायच्या. ओट्यामागे पाल दिसली की पोळ्या अर्ध्यावर राहतात. माहेरचं घर माळवदाचं, तुळयांमध्ये पाली, म्हणून उन्हाळ्यात माहेरी जाणं बंद. 'भीती मोडायची' म्हणून नवऱ्याने एकदा मागून येऊन खांद्यावर रबराची पाल ठेवली, तेव्हापासून जास्तच झालं. आणि आता तीन वर्षांची मुलगीही पाल दिसली की किंचाळते. त्यांनी विचारलंय: "पालीने मला आजवर काहीच केलेलं नाही. मग कंडिशनिंगने भीती बसते म्हणतात, ते माझ्या बाबतीत कसं? आणि तशीच बसली असेल तर तशीच काढता येते का? किती दिवसांत?"

ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नांच्या मध्ये एक न विचारलेला प्रश्न आहे आणि उपाय त्याच्यातच आहे. भीती बसली कशी हे कळलं तर बरंच, नाही कळलं तरी अडत नाही. पाल एकदाही चावलेली नसताना ती इतकी वर्षं टिकली कशी, हे मात्र समजून घ्यावंच लागतं.

आधी बसण्याबद्दल. कंडिशनिंग (अभिसंधान) म्हणजे दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्याने एकीची प्रतिक्रिया दुसरीला चिकटणं. ते म्हटलं की सगळे एकच प्रयोग सांगतात. १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझली रेनर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत ११ महिन्यांच्या एका बाळाला पांढरा उंदीर दाखवला. बाळाला त्याची भीती नव्हती. मग उंदीर समोर आला की डोक्यामागे पोलादी दांड्यावर हातोडा मारायचा, असं एकूण सात वेळा केलं. नंतर नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडून दूर सरकायला लागलं, आणि पुढे ससा, कुत्रा, फरचा कोट यांनाही बिचकू लागलं. आज असा प्रयोग कुठलीही समिती करू देणार नाही. शिवाय तो एकाच बाळावरचा आहे, त्याच्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण लोकांनी त्यातून एक अर्धवट समजूत उचलली, ती म्हणजे प्रत्येक फोबियाच्या मागे कुठेतरी एक हातोडा असलाच पाहिजे. मग माणूस लहानपणीची एखादी घटना शोधत बसतो, आणि ती सापडली नाही की 'माझं काहीतरी वेगळंच आहे' असं ठरवून टाकतो.

वेगळं काही नाही. स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ साली मांडलं की भीती तीन वाटांनी येते: स्वतःला आलेल्या अनुभवातून, दुसऱ्याला घाबरताना बघून, आणि ऐकीव माहितीतून. दुसऱ्या वाटेचा सगळ्यात स्वच्छ पुरावा माकडांवरच्या अभ्यासातला आहे. सुझन मिनेका आणि मायकल कुक यांनी प्रयोगशाळेत वाढलेली माकडं घेतली. त्यांना सापाची भीती नव्हती. त्यांना दुसरं एक माकड सापाला बघून घाबरताना दाखवलं. थोड्याच वेळात त्यांनाही सापाची भीती बसली आणि ती टिकली. नंतर चित्रफीत अशी जोडली की तेच माकड फुलाला घाबरतंय असं वाटावं, तर फुलाची भीती मात्र बसली नाही. म्हणजे बघून शिकतो हे खरं, पण कशाचीही भीती सारख्याच सहजपणे शिकत नाही. सरपटणाऱ्या, अचानक हलणाऱ्या जिवांची भीती लवकर चिकटते. सॉकेटचा झटका आपल्यापैकी बऱ्याच जणांनी खाल्लेला असतो, सॉकेटचा फोबिया असलेला माणूस मात्र क्वचितच भेटतो.

तिसरी वाट तर आपल्याकडे हमरस्ताच आहे. पाल अंगावर पडली तर कुठल्या अवयवावर काय फळ याची कोष्टकं छापली जातात. पाल पडली की डोक्यावरून अंघोळ. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरातल्या सोन्या-चांदीच्या पालींना हात लावला की पाल पडल्याचा दोष लागत नाही, अशीही श्रद्धा आहे. आणि 'पाल पडलेलं दूध प्यायलं की माणूस मरतो' हे तर लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेलं. वस्तुस्थिती एवढीच की घरातल्या पालीच्या अंगात विष नसतं. तिच्या विष्ठेत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, म्हणून अन्न झाकून ठेवायचं, पाल पडलेलं अन्न टाकून द्यायचं आणि भांडं साबणाने घासायचं. इतकं पुरे.

तेव्हा तुमच्या घरी पाल दिसल्यावर पहिली किंकाळी कोणाची असायची, हे आठवून बघा. आठवलं तर ठीक, नाही तर सोडून द्या.

आता टिकण्याबद्दल. संध्याकाळचे सात वाजलेत, तुम्ही ओट्याशी उभ्या आहात. ट्यूबलाइटच्या पट्टीमागून पाल बाहेर येते. छातीत धडधड, हातापायांना घाम, मान ताठ. तुम्ही गॅस बंद करता आणि हॉलमध्ये येता. मिनिटभरात श्वास खाली बसतो. हायसं वाटतं.

भीतीचं सगळं खाणंपिणं त्या हायसं वाटण्यावर चालतं. ओ. एच. मॉवरर यांनी १९४७ साली याची दोन भागांत फोड केली. भीती एकदा जोडली जाते ते अभिजात अभिसंधान (क्लासिकल कंडिशनिंग). त्यानंतर पळण्याने सुटका मिळते, सुटका हेच बक्षीस होतं, आणि बक्षीस मिळालेलं वागणं पुन्हा पुन्हा होतं. हे साधक अभिसंधान (ऑपरंट कंडिशनिंग). मेंदूकडे नोंद होते ती 'पळाले म्हणून वाचले' अशी. न पळताही काही झालं नसतं, ही नोंद होण्याची संधीच त्याला मिळत नाही. म्हणून वीस वर्षांत पाल एकदाही अंगावर आली नाही, तरी त्या वीस वर्षांचा भीतीवर काडीचा परिणाम होत नाही. प्रत्येक वेळी श्रेय पळण्याला जातं.

हे पळणं नेहमी पायांनीच होतं असं नाही, आणि सराव फसतो तो बहुतेक वेळा इथे. नवऱ्याला आधी आत पाठवणं हे पळणंच. स्वयंपाक करताना डोक्यावर ओढणी घेणं, हातात सतत झाडू धरणं, दर अर्ध्या मिनिटाला छताकडे बघणं, कोपऱ्यात अंड्याची टरफलं, भिंतीला मोरपीस, कपाटामागे डांबराच्या गोळ्या, रात्री तहान लागली तरी सकाळपर्यंत कळ काढणं, ही सगळी त्याचीच रूपं. अन्नावर झाकण ठेवणं यात येत नाही, तो शहाणपणा आहे. तेच झाकण पाच वेळा उघडून आत पाल नाही ना हे बघणं मात्र येतं. फरक ओळखायचा असेल तर स्वतःला विचारायचं: पालीची भीती नसलेली शेजारीण हे करते का, आणि कितीदा करते?

आता काढण्याकडे येऊ. वॉटसनच्या त्या बाळाची भीती काढायची राहूनच गेली. ते काम चार वर्षांनी, १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी दुसऱ्या एका मुलावर करून दाखवलं. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. त्याला आवडीचा खाऊ खायला बसवायचं आणि पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवायचा. मग दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली याच कल्पनेची शिस्तशीर पद्धत बसवली: शरीर सैल सोडायला शिकायचं, भीतीच्या पायऱ्या लावायच्या, एकेक पायरी चढायची. पुढे असं दिसलं की शरीर सैल सोडण्याचा भाग नसला तरी चालतं. काम करतं ते समोर जाणं आणि तिथे थांबणं.

पण यात जुनी भीती पुसली जात नाही. हा मुद्दा नीट समजला नाही तर बरं झालेलं माणूसही पुढे निराश होतं. मेंदूत 'पाल म्हणजे धोका' ही जुनी नोंद तशीच राहते, तिच्या शेजारी 'पाल म्हणजे काही नाही' अशी नवी नोंद तयार होते, आणि पाल दिसल्या क्षणी कुठली वर येईल याची दोघींत चढाओढ लागते. नव्या घरात राहायला गेलं तरी काही दिवस पाय जुन्या गल्लीकडेच वळतात, तसं. मार्क बाउटन यांच्या अनेक वर्षांच्या कामातून स्पष्ट झालेली गोष्ट अशी की जुनी नोंद जागेचा फारसा विचार करत नाही, नवी नोंद मात्र ज्या जागी शिकली त्या जागेला चिकटून राहते. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात पालीशी जुळवून घेतलंत तरी माहेरी माळवदाखाली झोपल्यावर भीती जशीच्या तशी उभी राहू शकते. मध्ये बराच काळ गेला तरी ती परत येते. सरावाची आखणी हे धरूनच करावी लागते.

सराव सुरू करायच्या आधी एक गोष्ट तपासा: तुमची भीती आहे की किळस? बहुतेकांत दोन्ही असतात, पण प्रमाण वेगळं. साधी चाचणी अशी: रबराची पाल साबणाने स्वच्छ धुऊन जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलेली आहे. तुम्हाला छातीत धडधडतं, की घास घशाखाली उतरत नाही? घास अडत असेल तर किळस जास्त. किळस सावकाश उतरते. प्रत्येक पायरीला दुप्पट वेळ धरा आणि भीती कमी झाली तरी 'शी' वाटणं राहिलं म्हणून सराव फसला असं समजू नका.

आता एक वही घ्या. पानावर चार रकाने: आज काय करणार, काय होईल असं वाटतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि भीतीचा ० ते १० मधला आकडा. यातला दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक नेमका तोच मोकळा सोडतात. 'भीती वाटेल' असं लिहून उपयोग नाही, तपासता येईल असं लिहायचं: "पाल माझ्याकडे धावत येईल, खात्री ८० टक्के." "मला चक्कर येऊन मी पडेन." "भीती वाढतच जाईल, कमी होणारच नाही." ही तीन भाकितं वेगळी आहेत आणि त्यांच्या परीक्षाही वेगळ्या. पाल धावून येईल असं वाटतं त्या बाईने पालीच्या जवळ उभं राहायला हवं. भीती कधीच थांबणार नाही असं वाटतं तिने जवळ जाण्यापेक्षा लांबूनच पण बराच वेळ थांबायला हवं. हा फरक न करता सगळ्यांना एकच यादी दिली की निम्म्यांचा वेळ वाया जातो.

पायऱ्या साधारण अशा लावता येतील. फोनवर पालीचं स्थिर चित्र, आधी लहान, मग पडदाभर. मग आवाज बंद ठेवून चालत्या पालीचा व्हिडिओ, मग चुकचुकण्याच्या आवाजासह. मग रबराची पाल: टेबलावर, शेजारी, तळहातावर, आणि प्रत्येक वेळी ती ठेवणाऱ्या तुम्ही. त्यानंतर खरी पाल, पण काचेपलीकडची. खिडकीच्या काचेला बाहेरून चिकटलेली पाल ही सरावासाठी देवाने दिलेली सोय आहे, तिचा पुरेपूर फायदा घ्या. आतून दिवा लावून जवळ जाऊन बघा. पोट फिकट, जवळजवळ आरपार दिसणारं. बोटांच्या टोकांशी रुंद गाद्या, त्यांवर आडव्या रेघा. गळा सारखा हलतोय. मादीच्या पोटात अंडी असतील तर कातडीतून दोन पांढरे ठिपके दिसतात. जे दिसतंय ते मोठ्याने बोला. 'घाणेरडी आहे' असं नव्हे, 'डावा पुढचा पाय उचलला' असं. नजर चुकवून दहा मिनिटं उभं राहणं आणि बघत दहा मिनिटं उभं राहणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग त्याच खोलीत, मध्ये काच नसलेली पाल. दहा फुटांवरून सुरुवात, पुढे सहा, पुढे तीन. मग त्या भिंतीकडे पाठ करून कणीक मळणं. हे बऱ्याच जणींना जवळ जाण्यापेक्षा अवघड जातं, कारण पाल दिसत नाही. मग रात्री अंधाऱ्या स्वयंपाकघरात एकटीने जाऊन दिवा लावणं, पाणी पिऊन येणं. शेवटी लांब झाडूने पालीला खिडकीकडे वळवून बाहेर घालवणं. हातात धरायची काही गरज नाही, रोजच्या आयुष्यात कोणी पाल हातात धरत नाही.

आकडा ४ च्या आसपास येतो तिथून सुरुवात करा. १ किंवा २ वर रेंगाळलात तर आठवडे जातात आणि शिकायला काही मिळत नाही. एका बैठकीला ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान चार-पाच दिवस. एकच पायरी एका बैठकीत तीन-चार वेळा. आकडा निम्म्यावर आल्याशिवाय जागा सोडू नये असा पूर्वी नियम होता. आता आम्ही त्याबाबत तितके कडक नसतो. बैठकीत आकडा फारसा उतरला नाही तरी भाकीत खोटं ठरलं असेल तर काम झालेलं असतं. आणि पहिल्या दोन आठवड्यांनंतर पायऱ्या क्रमाने चढू नका, उलटसुलट करा: आज सोपी, उद्या एकदम अवघड, परवा मधली. पाल काही क्रमाने भेटायला येत नाही.

तिला वेळ देऊन बोलावता येत नाही ही या फोबियातली खरी अडचण. कुत्र्याच्या भीतीत ओळखीचा पाळीव कुत्रा मिळतो, इथे तसं नाही. त्यामुळे ऋतू बघावा लागतो. सोलापुरात मार्चपासून पाली वाढतात, पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती किडे जमले की तर विचारायलाच नको. संध्याकाळी साडेसात ते नऊ, बाल्कनीचा किंवा जिन्यातला दिवा चालू ठेवला की बहुतेक वेळा पाल हजर होते. थंडीत त्या फटींत दडून बसतात. डिसेंबर-जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते त्या दिवसांत, 'माझी भीती गेली' असं सांगणारे लोक असतात. भीती गेलेली नसते, पाल गेलेली असते. थंडीत सुरुवात करायची असेल तर चित्रं, व्हिडिओ आणि रबराची पाल एवढं उरकून घ्या, खऱ्या पालीचा भाग मार्चवर ठेवा. सोय म्हणून पालीला बरणीत कोंडू नका. कोंडलेली पाल धडपडते, शेपूट टाकते, आणि ती वळवळणारी शेपूट पहिल्याच आठवड्यात बघायला मिळाली तर सगळं मुसळ केरात. शेपटीचा व्हिडिओ मात्र एक स्वतंत्र पायरी म्हणून जरूर ठेवा, कारण कधी ना कधी ती दिसणार.

काय बिघडतं ते आता सांगतो. भीती अगदी शिगेला असताना जागा सोडणं हे सर्वांत नुकसानीचं, कारण ती पुन्हा 'पळाले म्हणून वाचले'ची पावती होते. अगदीच सहन होईना तर दोन पावलं मागे या, खोली सोडू नका. खोली सोडलीच तर पाच मिनिटांत परत जाऊन सोपी पायरी करा आणि तिथे थांबा. दुसरं, मन दुसरीकडे लावणं. फोनवर बोलत, गाणी ऐकत उभं राहिलं की शरीर तिथे असतं, शिकणं होत नाही. मनातल्या मनात रामरक्षा म्हणत उभं राहणंही त्यातलंच. रामरक्षा जरूर म्हणा, पण सरावाच्या आधी किंवा नंतर. तिसरं, भीती दाबायला खोल खोल आणि भराभर श्वास घेणं. त्याने चक्कर येते, आणि मग 'बघा, चक्कर आलीच' असं होतं. श्वास त्याच्या गतीने चालू द्या.

चौथं म्हणजे गोळी. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारखी गोळी घेऊन सराव केला तर जिवावरचं ओझं उतरतं, पण शिकणं कच्चं राहतं आणि यशाचं श्रेय गोळीला जातं. अशी गोळी आधीपासून चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. तिची वेळ आणि सरावाची वेळ कशी बसवायची हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

आणि पाचवं, घरातली मदत. नवऱ्याने दारात उभं राहणं पहिल्या काही बैठकींना चालेल, पण ती पायरी वहीत 'सोबतीने' अशी वेगळी लिहा आणि तीच पायरी नंतर एकटीने करा. नाहीतर मेंदू शिकतो ते 'हे असताना पाल काही करत नाही' एवढंच.

आता तुमच्या खांद्यावरच्या रबरी पालीबद्दल. ती गोष्ट वाईट नव्हती, ती वापरायची रीत चुकली. अचानक आली, तुमच्या हातात काही नव्हतं, आणि तुम्ही किंचाळून पळालात तेव्हा भीती सर्वांत वर होती. रबराच्या पालीबरोबरच नवऱ्याची मागून येणारी पावलंही धोक्याच्या यादीत गेली असतील. पण तोच प्रकार नीट केला तर अगदी शेवटच्या टप्प्यात फार उपयोगी पडतो. पाल अंगावर कधीच पडत नाही असं मी सांगणार नाही. दोन पाली भांडताना किंवा तेलकट, धुळकट भिंतीवरून निसटून क्वचित पडते. म्हणून तुमचं शेवटचं भाकीत 'पडणार नाही' असं नको, 'पडली तर मी झटकून टाकेन आणि पुढचं काम करेन' असं हवं. ते तपासायचं तर रबराची पाल थोडी ओली करून आधी स्वतः खांद्यावर टाका. मग नवऱ्याला सांगून, तुम्ही बघत असताना टाकायला लावा. मग तुमच्या परवानगीने, पुढच्या अर्ध्या तासात केव्हाही. परवानगी तुमची, वेळ त्यांची. तिघांत हा तिसरा प्रकार खरा कामाचा.

एवढं फ्लॅटमध्ये जमलं की जागा बदला: जिना, गच्ची, शेजारणीचं स्वयंपाकघर, मग माहेर. माहेरी गेल्यावर आकडा पुन्हा ६-७ वर गेला तर ते अपेक्षितच आहे. तिथे मधल्या पायरीपासून सुरू करा, दुसऱ्यांदा चढताना वेळ बराच कमी लागतो. दर वर्षी थंडी संपली की तीन-चार बैठका मुद्दाम करा.

किती दिवस, हे भीती किती खोल, किळस किती, आणि मुख्य म्हणजे लपूनछपून चाललेलं टाळणं तुम्ही किती सोडता यावर अवलंबून. रोजचा सराव होत असेल तर दोन-तीन महिन्यांत स्वयंपाकघर मोकळं व्हायला हरकत नाही. तज्ज्ञाबरोबर याहून लवकर होऊ शकतं. लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ साली मांडलेल्या पद्धतीत प्राण्यांच्या फोबियासाठी एकच सलग बैठक असते, जास्तीत जास्त तीन तासांची. पण ती घरच्या घरी करायची गोष्ट नाही.

मुलीसाठी वेगळा विचार करावा लागेल, आणि तो लगेच. मघाच्या माकडांच्या अभ्यासाचाच पुढचा भाग असा: ज्या माकडांना आधी न घाबरणारं माकड सापाजवळ दाखवलं होतं, त्यांना नंतर घाबरणारं माकड दाखवूनही बहुतेकांना भीती बसली नाही. म्हणजे शांत माणूस बघायला मिळणं ही लसच. तुमची भीती जाईपर्यंत तुम्हाला शांत असल्याचं नाटक करायला सांगत नाही, मुलं ते ओळखतात. तोपर्यंत हे काम आजीला किंवा वडिलांना द्या: संध्याकाळी मुलीला कडेवर घेऊन बाल्कनीत उभं राहायचं, पाल किडा कसा पकडते ते दाखवायचं, आवाज नेहमीचा ठेवायचा. 'घाबरू नकोस' म्हणायचं नाही, त्याने घाबरण्यासारखं काहीतरी आहे एवढंच तिला कळतं. ती मागे सरकली तर तिच्यासह मागे सरकायचं, ओढून पुढे न्यायचं नाही. तुमचे सुरुवातीचे सराव तिच्यासमोर नकोत. काचेजवळची पायरी जमायला लागली की तिला जरूर बरोबर घ्या.

हे वाचून कोणी इंजेक्शनच्या किंवा रक्ताच्या भीतीला हीच रीत लावणार असेल तर थांबा. त्या भीतीत नाडी आधी वाढते आणि मग रक्तदाबासह एकदम खाली येते, माणूस खरोखर बेशुद्ध पडतो. तिथे शरीर सैल सोडायचं नसतं, उलट आवळायचं असतं: हात, पाय, पोट १० ते १५ सेकंद ताठ, मग २० ते ३० सेकंद नेहमीसारखं, असं पाच वेळा. हे आधी अंगवळणी पाडून मगच सुई समोर आणायची.

हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. पालीखेरीज इतर वेळीही घाबरल्याचे झटके येत असतील, घराबाहेर पडणंच टाळलं जात असेल, झोप-भूक गेली असेल, किंवा तीन-चार आठवडे प्रामाणिकपणे करूनही वहीतली भाकितं जागची हलत नसतील, तर एकटीने ओढत बसू नका. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवता येईल, आणि जाण्याआधी नुसतं बोलून बघायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. जाताना वही बरोबर न्या. पहिली भेट त्यातल्या दुसऱ्या रकान्यापासून सुरू करता येते.